विमानाच्या पोटातला घास

भिंगारच्या झुंबरबाई सांगायच्या, की त्यांनी आयुष्यात तीन वेळा माघार घेतली. कोणापुढे, असं विचारलं तर मात्र तिन्ही वेळचं त्यांना काही आठवायचं नाही.

धंदा गोधड्या शिवण्याचा. नगरच्या लष्करी छावणीला लागून भिंगार, भिंगारच्या वेशीजवळ त्यांचं दोन खणांचं घर आणि घरापुढच्या लिंबाखाली कायम कुणाची तरी गोधडी पसरलेली. लोक पत्ता सांगतानासुद्धा 'गोधडीपासून डावीकडं वळा' असंच सांगत. हात त्यांनी सोनईच्या माहेराहून आणला होता आणि तो भिंगारात सासूनं आणखी तासून दिला होता. काष्टीच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून जुनी लुगडी-धोतरं त्यांच्याकडं टाकून जात. त्यांचा टाका इतका बारीक आणि सारखा, की मोजायला बसलेल्याचा डोळा चुकायचा, टाका चुकायचा नाही.

एकदा एका सरपंचानं, घाई होती म्हणून, खालच्या बाजूनं टाके जरा लांब घातले तरी चालतील, खाली कोण बघतंय, असं सुचवलं. झुंबरबाईंनी त्याचं गाठोडं होतं तसं बांधून त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "सरपंच, तुमाला पाठ हाय का? का ती बी कोन बघत न्हाई म्हनून घरी ठिवून आलात?" त्यानंतर सरपंचानं दोन हिवाळे घोंगडीवर काढले आणि तिसऱ्या हिवाळ्यात बायकोला पाठवलं.

त्यांची एक रीत होती. गोधडी कडेपासून आत आत शिवत यायची आणि मधला शेवटचा चौकोन मिटवायच्या आधी त्यात सुक्या भाकरीचा एवढासा तुकडा ठेवायचा. त्याला घास म्हणायचं. जी गोधडी माणसाला जन्मभर ऊब देणार तिला आपण उपाशी पाठवायची नाही. घास न घातलेली गोधडी त्यांच्या हातून आजवर गेली नव्हती.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, गुरं चारा-छावण्यांत गेली, बायामाणसं खडी फोडायला गेली. रेशनवर मिलो आली, परदेशातलं लाल धान्य. तव्यावर असेपर्यंत तिची भाकरी भाकरीसारखी दिसायची, एवढाच तिचा गुण. तोंडात गेल्यावर ती कोणाचीच नातेवाईक वाटायची नाही. अशा दिवसांत नवी गोधडी कोण शिवून घेतो? लिंबाखालची जागा मोकळी पडली. झुंबरबाईंनी सोमवारपासून खडीवर जायचं ठरवलं आणि रविवारी पुंजाराम दारात आला.

पुंजाराम त्यांच्याच गल्लीतला. लष्कराच्या विमानांच्या वर्कशॉपमध्ये त्यानं वीस वर्षं कापडाचं काम केलं होतं. आता निवृत्त. डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, चष्म्याची काच दह्याच्या कवडीसारखी जाड, आणि त्यातून त्याला समोरचा माणूस दिसायचा पण सुईचं नेढं दिसायचं नाही. त्यानं सांगितलं, की छावणीत एक छोटं संग्रहालय होतंय, त्यासाठी एक जुनं विमान ट्रकवर घालून आणलंय, त्याचं कापड नवं चढवायचंय, आणि ते शिवायला गावात एकच हात आहे.

झुंबरबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. ऑपरेशन डोळ्यांचंच झालं होतं ना, अशी त्यांना शंका आली.

"पुंजाभाऊ, इमान लोखंडाचं आसतंय."

"हे कापडाचं हाय. चला तर खरं."

शेडमध्ये ते विमान सोलून टांगलेल्या बोकडासारखं उभं होतं. बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर कुठं कुठं जुन्या कापडाच्या चिंध्या. नाव ऑस्टर. पुंजारामानं त्याची हकिकत सांगितली. हे फार उंच जाणारं विमान नव्हे. शेतावर घार फिरते तेवढ्यावर फिरायचं, डोंगरापलीकडं डोकवायचं आणि आपल्या तोफांना कळवायचं, की गोळा कुठं पडला, अजून किती पुढं टाका. स्वतःजवळ बंदूकसुद्धा नाही.

"म्हंजी नुसतं वाकून बगायचं आन् सांगायचं," झुंबरबाई म्हणाल्या. "आशी आमच्या गल्लीत लई हायेत."

पण मग त्या सांगाड्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि त्यांनी विचारलं, आत माणसं किती. पुंजाराम म्हणाला, दोन. खालून गोळ्या यायच्या का? यायच्या. आणि मधे फक्त हे कापड? फक्त हे कापड. झुंबरबाईंनी लोंबणारी एक चिंधी दोन बोटांत धरून चोळून पाहिली. मग म्हणाल्या, "दोरा कंचा?"

दोरा मेण लावलेला, सुई हातभर लांब, आणि पंख आडवा न ठेवता दोन लाकडी घोड्यांवर उभा केलेला. एका बाईनं या अंगानं सुई खुपसायची, पलीकडच्या बाईनं ती ओढून परत पाठवायची, म्हणजे पंखाच्या आतली फासळी दोन्हीकडच्या कापडांत आवळली जाते. टाक्यांतलं अंतर पुंजारामानं जुन्या चिंधीवरची भोकं बोटांनी चाचपून ठरवलं. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक टाक्याला स्वतःची गाठ. ही गाठ शिकवायला त्याला दोन दिवस लागले, कारण त्याला दिसत नव्हतं आणि झुंबरबाईंना कोणी शिकवलेलं खपत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, इतक्या गाठी कशाला, गोधडीला तर एकच दोरा शेवटपर्यंत धावतो. पुंजाराम म्हणाला, एक टाका गोळीनं तुटला तर बाकीच्यांनी जागा सोडायची नाही, म्हणून.

झुंबरबाईंना हे फार आवडलं. आपल्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा कोणी अशा गाठी मारून ठेवायला हव्या होत्या, असं त्या म्हणाल्या.

याला कारण होतं. पलीकडच्या अंगाला बसणारी बाई हाताला सारखी हवी, आणि झुंबरबाईंच्या हाताशी हात जुळेल अशी एकच बाई होती, त्यांची धाकटी जाऊ छबूबाई. एकाच सासूचा मार खाऊन दोघी शिवण शिकलेल्या. पण सात वर्षांपूर्वी घर वाटलं तेव्हा पाटा थोरलीकडं आला आणि वरवंटा धाकटीकडं गेला. तेव्हापासून दोघी उसन्या वस्तूवर चटणी वाटत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. पुंजारामानं दोघींना वेगवेगळं विचारलं आणि दोघींनी 'ती बोलणार नसंल तर येते' असं एकच उत्तर दिलं.

अशी ती शिवण सुरू झाली. पंखाच्या या बाजूला थोरली, त्या बाजूला धाकटी, मधे इंग्रजी लिननचं भिंताड. बोलणं दोऱ्यानं. एक झटका म्हणजे सुई आली, घे. दोन झटके म्हणजे वाकडी आली, परत कर. तीन झटके म्हणजे हे तू मुद्दाम केलंस. उजवा पंख, शेपूट आणि पोट एवढं शिवून झालं, तोवर मोजले असते तर तीन झटकेच जास्त भरले असते.

या सगळ्याचे धनी होते मेजरसाहेब. संग्रहालय त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि त्यांनी ते माळेसारखं मिरवायला घेतलं होतं. 'अस्सल' या शब्दावर त्यांचं विलक्षण प्रेम. विमानाचा मूळ रंग कोणता, हे शोधायला त्यांनी ब्लेड घेऊन रंगाचे सात थर खरवडले होते आणि सातव्या थराखाली जो शेवाळी हिरवा सापडला, तो दाखवायला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून आणत. स्क्रूसुद्धा त्यांना त्या काळच्याच खाचेचे हवे असत. झुंबरबाईंना हा माणूस पटला होता. लष्करात गेला नसता तर गोधड्या बऱ्या शिवल्या असत्या, असं त्यांचं मत होतं.

आणि मग वरून तारीख आली. मोठे साहेब चैत्रात येणार होते, ते फाल्गुनातच येणार. डावा पंख अजून उघडा. तेव्हा पुढं सरसावला रंगनाथ.

रंगनाथ सुपरवायझर मूळचा राहात्याचा. कानावर पेन, तोंडात 'होऊन जाईल'. त्याच्या हाताखाली जगातली प्रत्येक गोष्ट होऊन जायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा करावी लागायची. त्यानं सुचवलं, की डावा पंख शिवायचाच कशाला? फासळ्यांना सोल्युशन लावायचं, कापड चिकटवायचं, वरून पट्टी, पट्टीवर रंग. दोन दिवसांचं काम. हे विमान काही उडणार नाही. टाके तर पट्टीखाली जाणार, आत कोण बघतंय?

मेजरसाहेबांनी खिडकीतून बाहेर बघत 'ठीक आहे' म्हटलं. अस्सलपणाची हौस तारखेपुढं टिकत नाही, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

झुंबरबाई कामावर आल्या तर रंगनाथ डबा उघडून ब्रश बुडवत होता. त्यांनी वास घेतला.

"हे सायकलच्या पंक्चरचं हाय."

"तेच काम हो बाई. चिकटल्याशी मतलब."

झुंबरबाई शिवून झालेल्या उजव्या पंखाकडं गेल्या, कमरेची कात्री काढली आणि शेवटच्या फासळीवरची गाठ कट् करून कापली. रंगनाथ धावला. तोवर दुसरी कापून झाली होती. मेजरसाहेब आतल्या खोलीतून आले आणि शक्य तेवढ्या शांतपणे त्यांनी विचारलं, बाई, हे काय चाललंय.

"माजं मी काढून घेती, साहेब. एका पाखाला टाका आन् एकाला पंक्चर, आसं जनावर मी जल्मात बगितलं न्हाई. खोटं करायचं तर दोन्हीकडं सारकं करा. माजा खरा टाका तुमच्या खोट्याला साक्षीदार म्हनून उबा ऱ्हानार न्हाई."

"अहो, पण हे उडणार नाही आहे."

"गोदडी तरी कुटं उडती?"

आणि तिसरी गाठ. चौथी. झुंबरबाईंचा बेत असा होता, की पाच-सहा गाठी कापल्या की कापड भसकन लोंबेल आणि साहेबांच्या काळजाला चटका बसेल. पण त्या स्वतःच बांधलेल्या गाठींना विसरल्या होत्या. पाचवी, सहावी, सातवी कापली. कापड ताशाच्या चामड्यासारखं ताणलेलं होतं तिथंच राहिलं. झुंबरबाईंची पंचाईत झाली. माघार घ्यावी तर हसू, कापत बसावं तर दिवस पुरणार नाही. त्या हट्टानं आठवीकडं वळल्या.

मेजरसाहेब पुढं आले. कापलेल्या जागेवर त्यांनी अंगठा दाबला. कापडानं अंगठा परत पाठवला.

पुंजाराम इतका वेळ कोपऱ्यात स्टुलावर होता. तो म्हणाला, "सात गोळ्या लागल्या आसं समजा, साहेब. आतली दोघं घरी येत्यात. त्याच्यासाटीच हाय ती गाठ. दिसायसाटी न्हाई."

तेवढ्यात पंखाच्या पलीकडून एक आवाज आला. सात वर्षं वापरात नसल्यानं तो जरा गंजला होता.

"आक्का, किती कापतीस? त्या समद्या मला परत शिवाव्या लागत्याल."

झुंबरबाईंची कात्री हवेतच राहिली. त्यांनी लिननच्या भिंतीकडं पाहिलं आणि फक्त एवढंच म्हटलं, "मंग तिकडनं सुई दे की. बसलीस काय?"

मेजरसाहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "तारीख माझ्या हातात नाही," ते म्हणाले, "पण तो डबा माझ्या हातात आहे. रंगनाथ, बाहेर न्या."

मग भिंगारची गल्ली शेडमध्ये आली. झुंबरबाईंच्या हाताखाली शिकलेल्या चौघीजणी खडीवरून सुटून संध्याकाळच्या उजेडात तासभर बसू लागल्या, आणि छबूबाई त्यांच्या टाक्यांना नावं ठेवू लागली. जावा बोलत होत्या, पण अजून फक्त दुसऱ्यांच्या चुकांबद्दल. डावा पंख वेळेत झाला. त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं वार्निश बसलं, कापड टणक झालं, शेवाळी हिरवा चढला. रंगनाथ सगळ्यांना सांगत फिरला, की म्हटलं नव्हतं, होऊन जाईल.

फक्त एक गोष्ट छबूबाई सोडून कोणाला माहीत नव्हती. डाव्या पंखाच्या टोकाला शेवटचे दोन टाके राहिले, तेव्हा झुंबरबाईंनी पदराची गाठ सोडली होती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आठला त्यांच्या दारात जीप उभी राहिली. त्या शेडमध्ये पोहोचल्या तेव्हा सगळे डाव्या पंखाखाली माना वर करून उभे होते. पंखाच्या खालच्या अंगाला पाणी निथळायला एक छोटं भोक ठेवलेलं असतं. त्या भोकातून मुंग्यांची रांग निघाली होती. आधाराच्या दांडीवरून उतरत, चाकाला वळसा घालत, शिस्तीत दाराबाहेर. छावणीत इतकं सुंदर संचलन त्या दिवशी दुसरं कोणी केलं नाही.

रंगनाथनं छबूबाईकडून खरं काय ते काढून घेतलं होतं आणि तो खुशीत होता. "भाकरी, साहेब. इंग्लंडच्या विमानात भाकरी. माझं सोल्युशन खोटं, आणि यांचं हे अस्सल?"

मेजरसाहेबांच्या हातात विमानाचं जुनं पुस्तक होतं. कुठल्या भागात काय असतं, याचं पानोपान वर्णन. ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, यात प्रत्येक खिळा लिहिलेला आहे. भाकरी नाही. मी तुमच्यावर भरवसा ठेवला होता. आता सगळं उघडून ते काढावं लागेल आणि पुन्हा घालायचं नाही."

झुंबरबाईंना ते लागलं. रंगनाथचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण या माणसानं तसं म्हणावं? क्षणभर वाटलं, खरंच का आपण यांच्या वस्तूत आपली खोट मिसळली? त्यांनी पंखाकडं पाहिलं. पट्टीखाली, रंगाखाली, एकही दिसत नसलेले आपले टाके त्यांना एकूणएक दिसत होते.

"साहेब, इमान तुमचं. त्याचा रंग तुमी म्हनाल तो, भोकं पुंजाभाऊ म्हनतील तिथं. मी एक तरी टाका माज्या मनानं इकडचा तिकडं केला का?"

"नाही."

"पन शिवन माजी हाय. आन् माज्या शिवनीत घास आसतो. सासूच्या शिवनीत हुता, तिच्या सासूच्या हुता. घास काडलात तर ऱ्हाईल ती दुसऱ्या कुनाची तरी शिवन, माजी म्हनून दाखवलेली. मंग रंगनाथरावाच्या डब्यानं काय घोडं मारलं हुतं?"

मेजरसाहेबांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांचा स्वतःचा लाडका शब्द कोणीतरी उलटा करून त्यांच्या अंगात घातला होता आणि तो मापात बसत होता.

"पण मुंग्या?" ते म्हणाले.

"मुंग्या माजी चूक," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेली माणसं भिंगारात आजही मोजकीच आहेत. "घासाला गूळ लावत न्हाईत. पन इतक्या लांबचा पावना, पयलाच घास. कोरडा कसा द्यायचा? तेवढं चुकलं. उघडते, गूळ काडते, सुका तुकडा ठिवते."

"बाई, मोठे साहेब दहाला येतायत."

"येऊ द्या की. त्यास्नी बसायला खुर्ची हाय न्हवं?"

त्यांनी बोटभर कापड उघडलं. गुळाचा तुकडा मुंग्यांसकट बाहेर आला. छबूबाईनं न सांगता लिंबाचा पाला आणला. पाला आत गेला, पाल्यावर सुका घास गेला. मग टाके. झुंबरबाई या अंगाला, छबूबाई त्या अंगाला. बाहेर गाड्या थांबल्याचा, बुटांच्या टाचा जुळल्याचा आवाज आला. रंगनाथ दारात उभा राहून दोन्हीकडं बघून पांढरा पडत होता. झुंबरबाईंनी गाठ मारली, ओढून पाहिली, मनासारखी बसली नाही म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. मोठे साहेब बाहेर अकरा मिनिटं उभे होते. आत आले तेव्हा पट्टीवरचा रंग ओला होता. त्यांनी कौतुकानं नेमका तिथंच हात लावला, हिरवं बोट रुमालाला पुसलं, आणि मेजरसाहेबांनी त्यांना तो रंग सातव्या थराखाली कसा सापडला, ते सगळं सांगितलं. भाकरीचं सांगितलं नाही. ते सांगायची जागा दुसरी होती.

पाहुणे गेल्यावर मेजरसाहेबांनी विमानाची नोंदवही काढली. कुठला भाग कधी बदलला, कोणी बदलला, हे त्यात ओळीनं लिहिलेलं असे. पुढं कधी कोणी हा पंख उघडला तर त्याला आत काय आहे आणि का आहे, हे कळलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुंजारामाला पुढं ढकललं. तो वहीवर चष्मा टेकवून एकेक अक्षर उचलत वाचू लागला.

"डावा पंख, टोक. आत सुक्या भाकरीचा तुकडा एक, लिंबाचा पाला. बसवणाऱ्या, झुंबरबाई आणि छबूबाई, भिंगार. काढू नये."

छबूबाईनं आपलं नाव ऐकून पदर तोंडाला लावला. झुंबरबाईंनी मात्र मान डोलावली नाही.

"आसं नगं," त्या म्हणाल्या. "अर्धं खोटं हाय ते."

मेजरसाहेबांनी पेन उचललं. "काय राहिलं?"

"ज्वारीची लिवा. म्या काष्टीहून मुद्दाम चार मुठी आनल्याली. दुष्काळाचं साल बगून लोकांना वाटंल, मिलोची घातली म्हनून."